ग्रिलची तार

चरबी जळल्याचा वास आला की मला वासणा भागातल्या आमच्या जुन्या घराची गच्ची आठवते. ताईला बघायला संध्याकाळी पाहुणे येणार होते आणि बाबांनी त्यांना गॅस ग्रिलवरचं पनीर कबूल केलं होतं. दुपारी खटका दाबून पाहिला तर ठिणगी पडेना. बर्नरला ठिणगी नेणारी तार मागच्या वेळी भाजलेल्या कोंबडीच्या चरबीने माखलेली होती आणि उंदरांनी ती कुरतडली होती. बर्नरखाली चिंध्यांचं, लेंड्यांचं ओलसर घरटं होतं. मुताचा उग्र वास येत होता. “काडीने पेटवू, आधी हे धुऊ,” मी म्हणालो. “तीस वर्षं रिफायनरीत काढली आणि पाहुण्यांसमोर काडी ओढू?” बाबा म्हणाले. त्यांनी तारेचं आवरण सोललं, तुटकी टोकं पिळून जोडली, टेप गुंडाळली, मग मनासारखं झालं नाही म्हणून सगळं सोडवून पुन्हा जोडलं. ठिणगी टिकटिकली तेव्हा जिन्यात पाहुण्यांचे आवाज आले होते. “बाबा, घरटं?” “जवा दे, राहू दे ते. आगीत जळून जाईल.” जाळीवर पनीर पडलं आणि खालून केस जळल्यासारखा धूर आला. “काय धुरकट चव आलीये,” मुलाचे वडील म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन तुकडे मागितले. लग्न ठरलं. ते गृहस्थ आजही भेटले की त्या पनीरची आठवण काढतात आणि मी मान डोलावतो. ते दोन तुकडे त्यांच्या ताटात मीच वाढले होते.