चुन्याच्या रेघेवर केळशीकर सर

केळशीकर सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त मी लिहावे असे समितीने सुचवले, तेव्हा आमची सौभाग्यवती हसली. सरांचे नाव निघाले की माझा चहा कडू होतो, हे तिला ठाऊक आहे.

पनवेलच्या शाळेत आम्ही एकाच जूनमध्ये रुजू झालो. दोघांचाही विषय गणित. त्रिकोणमितीच्या तासाला माझा वर्ग जांभया देई आणि भिंतीपलीकडे सरांचा वर्ग हसत असे. सरांचे अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

त्यांच्या मोठेपणाचा एक प्रसंग सांगतो. खाडीकडे राहणाऱ्या हिराबाईंच्या शेजाऱ्याचा माड वाळला होता. बाकीच्या बाजूंना विहीर आणि गोठा, म्हणून तो हिराबाईंच्या घराच्या दिशेनेच पाडावा लागणार होता. घरापर्यंत पोचेल का, हे काढायला मला बोलावले. मी पायथ्यापासूनचे अंतर मोजले, ओळंबा बांधलेल्या कोनमापकातून शेंड्याचा कोन घेतला, टॅनच्या कोष्टकावरून उंची काढली. माझ्या डोळ्यांची उंची मिळवायलाही विसरलो नाही. शेंडा येईल तिथे चुन्याची रेघ ओढली. घर तिच्यापासून चांगले चार हात लांब होते.

हिराबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमचा माड कागदावर पडंल. माजा घर मातीचा हाय. मी नाय पाडू देनार."

तेवढ्यात सर आले. "रेघ तुमची ना?" त्यांनी मला विचारले. मी हो म्हणालो. ते रेघेला पाऊल टेकवून, घराकडे पाठ करून उभे राहिले. "हिराबाई, आधी मला लागेल, मग घराला."

माड पडला. झावळ्या सरांच्या पायांपुढे थांबल्या.

त्या दिवसापासून गावात तो 'सरांचा माड' झाला. माझी रेघ कुणालाच आठवत नाही. हिराबाई दर हंगामात सरांकडे सुके बोंबील पाठवू लागल्या. सर शाकाहारी. ते बोंबील मलाच आणून देत आणि मी ते जळफळत खात असे.

त्या दिवशी परतताना मी विचारले होते, "तुम्ही कोन कधी तपासलात?"

"तपासला नाही. तुम्ही काढला होतात ना."

माझ्या रेघेवर मी स्वतः उभा राहिलो नसतो. मला सरांचा हेवा वाटतो तो यासाठी, आणि अजून वाटतो.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पुढच्या वर्षी माझी साठी आहे. तेव्हाचा लेख त्यांनीच लिहायचा आहे, अक्षर कसेही असो.