नानांचे पाच स्पीकर

आता स्वतःची अब्रू स्वतःच्याच तोंडानं घालवायची, तर आधी चहा तरी पाजा!

होम थिएटर तेव्हा नवंनवं निघालं होतं. अमळनेरजवळच्या खेड्यात माझी सासुरवाडी. लग्नात मी सासऱ्यांना, म्हणजे नानांना, थाप मारलेली की कॉलेजात मी रेडिओ बनवायचो. खरं म्हणजे एकच उघडला होता, तो पुन्हा बंदच झाला नाही.

एक दिवस धुळ्याला माझ्या घरी निरोप आला. "नवा सेट आनेल शे, जवाईबापू पाहिजेत." गेलो टेस्टर खिशात घालून! आता सासरी माझ्या इज्जतीचा प्रश्न होता ना.

ओसरीवर अर्धं गाव बसलेलं. सासूबाई नारळ घेऊन उभ्या. आणि सेटकडे बघतो तर काय, तीन स्पीकर पुढे आणि दोन चक्क मागच्या भिंतीला!

"नाना, आवाज काय पाठीनं ऐकायचा? कुणी केला हा गाढवपणा?"

"दुकानवालानी," नाना हळूच म्हणाले.

"तरीच!" म्हटलं, आणि सगळ्या वायरी उपटल्या. हो, सगळ्या!

नानांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू करतस ते बराबरच व्हई."

पाचही स्पीकर मी पुढे ओळीत मांडले. लाल वायर इथे, काळी तिथे. बटण दाबलं. काही नाही. काळी इथे, लाल तिथे. एका स्पीकरमधून घूंऽऽ, बाकीचे चार गपगार. दोन तास गेले हो! शर्ट घामानं चिंब. बरं, लोकांनी उठून जावं की नाही? एक जण हलेना. दोनदा चहा झाला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी मी जाहीर केलं, "नाना, सेटच खराब आहे. फसवलंय तुम्हाला. चला, मारू त्याच्या तोंडावर!"

सेट जीपमध्ये घातला आणि थेट अमळनेर. दुकानदारावर मी असा तुटून पडलो की विचारू नका. तो बिचारा माझ्याकडे बघे, नानांकडे बघे.

"अहो साहेब, काल मीच जोडून दिला. दोन तास वाजवला. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली!"

मी नानांकडे वळलो. "नाना, खरं का हे?"

"हां. मस्त वाजे."

"मग मला कशाला बोलावलं?"

"बटन दाबाना मान तुमना व्हता. जवाई ना तुम्ही!"

"अहो, मी वायरी उपटत होतो तेव्हा तरी बोलायचं!"

नाना कळवळून म्हणाले, "जवाईले कसं सांगानं?"

दुकानदारानं तिथल्या तिथे सेट जोडला. पाचही स्पीकर असे दणाणले की रस्त्यावरची माणसं थांबली. मी मान खाली घालून उभा. काय करणार?

"येऊन परत बसवून देतो," दुकानदार म्हणाला. "कधी येऊ?"

नानांनी त्याला बाजूला घेतलं. पण नानांचं कुजबुजणं म्हणजे अख्ख्या बाजारपेठेला ऐकू जाणारं. "पाव्हना गयात का मंग या."

"पाहुणे कधी जाणार?"

नाना छताकडे बघायला लागले. हेही जावयाला कसं विचारणार?

दोन दिवसांची रजा टाकून गेलो होतो हो मी! पण नानांचा तो चेहरा बघवेना. शेवटी मीच दुकानदाराला सांगितलं,

"पाचच्या एसटीनं."