न पाहिलेल्या माणसांचं चित्र

गेल्या रविवारी लेकीला घेऊन फ्रँकफुर्टच्या एका म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं एक जुनं चित्र होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. जाळीवर माणसांचे हातपाय भाजले जातायत आणि एक बाई बोटं चाटतेय. गाईडबाई कौतुकाने म्हणाल्या, कलाकार अमेरिकेला कधी गेलाच नव्हता, इथे बसून त्याने हे कोरलं, पण रेषा किती नाजूक बघा! सगळ्यांनी माना डोलावल्या. नाजूक म्हणे! माझं डोकंच फिरलं.

"आल्झो, म्हणजे गेलाच नव्हता, तर ही बाई त्याने पाहिली कुठे?" मी जर्मनमध्येच विचारलं.

"तेव्हा तशीच पद्धत होती," त्या म्हणाल्या.

ती पद्धत मला चांगली ठाऊक आहे. चौथीत स्वच्छतेचा धडा शिकवताना गुरुजींनी फळ्यावर आमची बौद्ध वस्ती काढली होती, दारोदारी डुकरं आणि उघडी पोरं. गुरुजींनी वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यातलं कुणी खाल्लं नाही.

बाहेर पडताना लेकीने जर्मनमध्ये विचारलं, "बाबा, ते लोक खरंच माणसं खायचे?"

"अगं, त्याने पाहिलंच नव्हतं, आत्ताच सांगितलं ना त्यांनी?"

"हो, पण चित्रात तर खातायत."