कन्ना आणि माझी काकी

टेस्टिंगला मी मागं खांबाला टेकून बसले होते आणि माझा मजकूर विनायक वाचत होता. गाव माझं माहेर, चाकूरजवळचं. ओसरी माझ्या चुलतीची. तूर निवडत बसलेल्या बाया माझ्या ओळखीच्या. आणि बोलायची बंदी मला!

आमचं काम भाषांतराचं. यहुदी लोकांचा जुना धर्मग्रंथ आम्ही मराठवाडी बोलीत आणतोय, नंतर त्याचं रेकॉर्डिंग होईल. ऑफिस लातूरला. ड्राफ्ट झाला की तो गावात वाचायचा आणि लोकांना काय कळलं ते विचारायचं, याला टेस्टिंग म्हणतात. ज्याचा ड्राफ्ट, त्यानं गप्प बसायचं. नाहीतर तो समजावत बसतो आणि ड्राफ्टमधली चूक झाकली जाते.

अडलं होतं एका शब्दावर. हिब्रूत देव स्वतःला ‘कन्ना’ म्हणवतो. त्याची माणसं दुसऱ्या देवांच्या नादी लागली की त्याला जो राग येतो, तो या शब्दात आहे. मी लिहिलं होतं ‘रागीट’. विनायक म्हणायचा ‘मत्सरी’. ज्याचा शब्द टिकेल त्याला ग्रंथातलं पुढचं पुस्तक भाषांतराला, असं ऑफिसातल्या आमच्या सरांनी सांगून टाकलं होतं. मला ते पुस्तक हवं होतं. फार हवं होतं.

विनायक नांदेडचा, तरुण, हिब्रू शिकून आलेला. आल्या आल्या काकीच्या पाया पडला. झालं! त्याला नव्या कपात चहा, वर चिवडा. मला म्हणाली, “तू घे की घरातून.” अंगाचा नुसता तिळपापड झाला. काकी माझी की याची?

त्यानं माझं वाक्य वाचलं, “देव रागीट आहे. काकी, कसा वाटला देव?”

“आमच्या यष्टीच्या कंडक्टरवाणी,” काकी म्हणाली. “कुणावर बी खेकसतंय.”

बाया खो खो हसल्या. मग त्यानं माझ्याच वाक्यात स्वतःचा शब्द घालून वाचलं, “देव मत्सरी आहे.”

“म्हंजे दुसऱ्याचं बरं बघवत न्हाई? असा कुठं देव असतो व्हय!”

आता मला जरा बरं वाटलं. पण गडी हटेना. “काकी, आपली माणसं दुसऱ्याच्या मागं गेली की जो राग येतो, त्याला तुम्ही काय म्हणता?”

काकीनं सूप खाली ठेवलं आणि थेट माझ्याकडं बोट केलं.

“हिला इचारा की! मघापासून धुमसायलीय. मी तुमचं कवतिक करायले न् हिच्या जिवाची आग आग.”

सगळ्या बाया वळून माझं तोंड बघायला लागल्या. बंदी नसती तर दोन शब्द सुनावले असते.

“खोटं हाय का गं, मालन? दुसरी कुणी असती तर तुला काय पडलं असतं? मी तुझी हाय म्हणून तुला राग.”

विनायकनं पेन काढलं.

दोन्ही शब्द कटले. ‘देव आपल्या माणसांपायी धुमसणारा आहे’ हे वाक्य फायनल झालं. ऑफिसात सरांनी विचारलं, “हे कुणाला सुचलं?”

“काकींना,” विनायक म्हणाला. “मालनताईंचं तोंड बघून.”

सर पोट धरून हसले आणि पुढचं पुस्तक त्याला दिलं. नेमका प्रश्न त्यानं विचारला म्हणे.

“पण सर, तोंड माझं होतं!”

“तेच तर, ताई,” सर म्हणाले. “टेस्टिंगला गप्प बसायचं असतं. तुम्ही चेहऱ्यानंच सगळं बोलून मोकळ्या झालात.”

तेव्हापासून माझ्या ड्राफ्टचं टेस्टिंग असलं की मी ओसरीवर बसतच नाही, बाहेर गाडीत थांबते. नव्या माणसांनाही तेच सांगते.

गेल्या आठवड्यात काकीचा फोन आला. माझी चौकशी एका वाक्यात उरकली आणि म्हणाली, “तो नांदेडचा पोरगा परत कधी येणार गं?”

शब्द आम्ही अगदी बरोबर निवडलाय.