पंखांना बांधलेला धागा

पहाटेच्या निळसर निःशब्दतेत कुठल्याशा गच्चीवर पंखांची टाळी वाजते, आणि अकोल्यातल्या अंथरुणात मी क्षणभर परतवाड्याची होते. उडणे! या एका शब्दाला आपण किती कामांना जुंपले आहे! लुगड्याचा रंग उडतो, डोळ्यांवरची झोप उडते, भाबड्याची खिल्ली उडते आणि शेवटी कुडीतला प्राणही उडूनच जातो. मग भरारी म्हटली की आपली मान अभिमानाने वर का जाते? मागे सुटलेले घर कुणालाच कसे दिसत नाही?

माहेरच्या शेजारचे युसुफचाचा पिंजारी. खाली धुनकीवर कापूस उडायचा, वर छपरावर कबुतरे. मग ती नापिकीची वर्षे आली. लग्ने चार माणसांत उरकू लागली, नव्या गाद्या कोण भरणार? चाचांनी घर विकले आणि ते सुरतेला मुलाच्या एका खोलीत जायला निघाले. जाताना चार कबुतरे त्यांनी, अकोल्याला ने म्हणून, माझ्या ओटीत घातली. प्रत्येकाच्या एका पंखाची पिसे धाग्याने बांधलेली होती.

"महिनाभर धागा सोडू नको, पोरी. तुह्या घराची सवय लागू दे त्याईले. नाही तं वापस येतीन."

मी मोठी दयाळू! आठव्या दिवशी त्यांचे ते खुरडत उडी मारणे मला बघवेना. मी धागे कापले. दया करायलाही अक्कल लागते, ती माझ्यापाशी नव्हती. माझ्या गच्चीभोवती एक घिरटी घालून चारही उत्तरेला, परतवाड्याच्या दिशेने, दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने परतवाडा गाठला. नव्या मालकाने खुराडे मोडून टाकले होते. तापल्या टिनांवर, खुराड्याच्या जागी, तीन कबुतरे बसली होती. चौथ्याची पिसे मांजराने अंगणभर केली होती. मी ज्वारी टाकली, चाचांसारखी शीळ घालून पाहिली. एकही खाली उतरले नाही. दिवस मावळताना मी रिकामी टोपली घेऊन परतले.

चाचांना फोनवर सगळे सांगितले, रडत रडत. ते रागावतील म्हणून मी जीव मुठीत धरला होता. पण त्यांनी हळूच विचारले, "कितीक वेळ बसले होते कबुतरं तिथं?"

"दिवसभर, चाचा."

"मीबी तसाच बसलो असतो, पोरी."