गालावरचा फेस
सलूनमध्ये शेव्हिंग फोमचा वास आला की मला वाटूरच्या आमच्या घराची ओसरी आठवते. आई जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते आणि वडील तिथे एकटेच राहत होते. हात थरथरायचे, म्हणून त्यांनी दाढी करणंच सोडलं होतं. मी शहरातून फोमचा डबा नेला. तो हातात फिरवत ते म्हणाले, “फोम तं गादीत अस्तो ना रे?” मी म्हणालो, “फोम म्हंजे फेस, अण्णा. गादीतलाबी फेसच, फक्त घट्ट झालेला.” बऱ्याच दिवसांनी ते हसले. खुर्ची उन्हात ओढून मी त्यांच्या बसलेल्या गालांना तो गार फेस लावला आणि जल्दी उरकावं म्हणून रेझर उचलला, तर डोळे मिटूनच त्यांनी माझं मनगट धरलं. “थांब जरा. तुझी माय गेल्यापासून तोंडाला कुणाचा हातच लागला न्हाई.” मी रेझर खाली ठेवला आणि फेस विरेपर्यंत त्यांचे गाल चोळत राहिलो. आता मी त्यांच्या वयाला आलोय, एकटाच राहतो. काल मुलगा भेटून निघाला, तेव्हा त्याचा हात माझ्याकडून लवकर सुटलाच नाही.