जुन्या मापाची हद्द

भिंगवाले काका पेशाने फोटोग्राफर, पण दूधसुद्धा भिंगातून बघून घेत, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा काकांनी दुप्पट मोठी आणली. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे देण्याआधी जुनीवर काकूंच्या लाल नेलपॉलिशचा गुपचूप ठिपका लावला. न जाणो, लेकाचा जुनीच परत बसवायचा!

कॉम्प्युटर घरी आला. फोटो सगळे होते, पण डिस्कवरची जागा बघितली तर जुनीएवढीच! "गंडवलं लेकाच्याने!" काकांनी डबा उघडून भिंग लावलं. ठिपका नव्हता.

"पुसला असणार," काका म्हणाले.

दोन दिवसांनी दुरुस्तीवाला आला. "ही तुमची जुनी डिस्क. हिला काहीतरी लाल लागलंय. आणि नवीत जुनीचा बॅकअप जसाच्या तसा उतरवला, म्हणून वापरायच्या जागेला जुन्याच मापाची हद्द आली. पलीकडे अर्धी डिस्क रिकामी आहे. हद्द सरकवायची माझ्याकडून राहिली." पाच मिनिटांत त्याने ती सरकवली. जागा दुप्पट झाली.

"दोन दिवस अर्धी जागा नुसती बंद? असं कुठला शहाणा ठेवतो?" काका गुरगुरले.

काकूंनी चहाचा कप आपटला. "एका खोलीतून या दोन खोल्यांत येऊन सहा वर्षं झाली. खिडकीतून चोर शिरेल म्हणून दुसरीला पहिल्या दिवसापासून कुलूप. किल्ली कुणाच्या खिशात आहे हो?"

काकांनी घाईने खिसा चाचपला. किल्ली जागेवर होती. त्यांना हायसं वाटलं.